उणे संख्येचा पहारेकरी

मित्रांनो, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी गणिताची तयार कामे एका लायब्ररीत ठेवलेली असतात. मी तिथला एक म्हातारा रहिवासी आहे. वर्गमूळ काढणे हा माझा धंदा.

एका चष्मेवाल्या बाईंनी मला घडवले. एकेक ओळ त्यांनी तीनतीनदा तपासली. उणे संख्येला साधे वर्गमूळ नसते; ती आली तर गप्प बसायचे नाही, चूक झाल्याची निशाणी लावायची, हे त्यांनीच मला शिकवले. तेव्हा मला दिवसाला लाखो हाका यायच्या. मी उगीच फुशारून जायचो.

मग कंपायलर आला. माणसाचे लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा कारभारी भारी चलाख. प्रोसेसर एका फटक्यात वर्गमूळ काढतो, हे त्याने हेरले आणि मला बोलावणेच सोडले. फक्त उणे संख्या आली, तरच प्रोग्रामने माझ्या दाराशी यावे, अशी सोय त्याने ठेवली. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

एका सुताराच्या बहिणीने त्याच्या करवतयंत्रासाठी प्रोग्राम लिहिला. जिन्याची तिरपी लांबी आणि उंची दिली, की तळपट्टीची लांबी मिळायची. माझी निशाणी दिसली, की यंत्र थांबायचे. पण चिमूटभर वेळ वाचावा म्हणून तिने कंपायलरला निशाणी वगळायला सांगितले. झाले, माझे दार बंद.

त्या भावंडांच्या आईच्या जिन्यासाठी वडिलांनी जपलेली शेवटची फळी कापायची होती. सुतार नेहमी आधी उंची सांगतो. त्याने तीच आधी भरली, तिरप्या लांबीच्या जागी. लहान आकड्यातून मोठा वजा झाला आणि वर्गमूळासाठी उणे संख्या आली.

"आधी भंगार फळीवर बघू," तो म्हणाला.

करवत बेधडक चालली आणि टीचभर तुकडा खाली पडला.

"ताई, हे थांबलं का नाही गं?"

ताईचा चेहरा उतरला. "आधी थांबायचं रे. मीच त्याचं तोंड बंद केलं."

तिने ती सूचना काढली, प्रोग्राम पुन्हा कंपाइल केला आणि मुद्दाम तेच उलटे आकडे भरले. प्रोग्राम धावत माझ्या दाराशी आला. मी निशाणी लावली. करवत जागची हलली नाही.

भावाने चांगल्या फळीवरून हात फिरवला. "बाबा असेच होते. दिवसभर बोलायचे नाहीत, पण खूण चुकली की हात धरायचे."

मित्रांनो, एखादे जुने काढून टाकण्याआधी ते कशासाठी ठेवले होते, एवढे विचारत जा. जिना आता उभा आहे, आई वर जाते. सुतार मात्र अजूनही आधी उंचीच भरतो. ताई त्याला रागावते. मला तेवढीच एक हाक येते, म्हणून त्याची ही सवय जाऊ नये असे मला मनापासून वाटते.