राजाची एक उडी

मित्रांनो, दाराची चौकट करून झाल्यावर सागवानाचा जो हातभर तुकडा उरला, तो मी. बडनेऱ्याच्या नत्थुजी सुतारांनी तो चुलीत सारला असता, तर ही गोष्ट तुम्हाला दुसऱ्याच कुणाकडून ऐकावी लागली असती. पण नत्थुजींना बुद्धिबळाचा भारी नाद. त्यांनी मला रंधा मारला, खिळ्याने रेघा ओढून चौसष्ट घरे आखली. काजळी आणि अळशीचे तेल कालवून बत्तीस घरे काळी केली, बाकीची लाकडाच्या रंगाची राहू दिली. असा मी बुद्धिबळाचा पट झालो. त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. माझा एक कोपरा उंदराने कुरतडला आहे, एक पांढरे प्यादे हरवले म्हणून त्याच्या जागी सुपारी उभी असते; पण चौसष्टपैकी एकही घर मी गमावलेले नाही, हे मी कुणालाही ठणकावून सांगतो.

नत्थुजींनी मला त्यांच्या जिवलग दोस्ताला, किसनरावांना दिले. किसनरावांची गावाबाहेर दीड एकराची बागायत. झेंडू, मेथी, वांगी. सकाळचा भाजी-फुलांचा तोडा होऊन माल अमरावतीच्या बाजारात गेला की दुपारी कडुनिंबाखाली ही जोडी माझ्या दोन बाजूंना बसे. त्यांचा खेळ देशी पद्धतीचा होता. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. आणि राजाला साऱ्या डावात एकदा, शह बसण्याआधी, घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. किसनराव ती उडी मोठ्या ऐटीत मारत. राजा माझ्यावर टपकन आदळला की नत्थुजी दर वेळी म्हणत, "मारली का माकडउडी!" आणि दोघेही हसत. तीस वर्षे तोच विनोद, आणि तीस वर्षे तेच हसू. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

मग नत्थुजी गेले. त्यानंतर बरीच वर्षे मी कोनाड्यात पडून होतो. किसनरावांना आबाजी म्हणणारी त्यांची नात खुशी आठ वर्षांची झाली, तेव्हा त्यांनी मला खाली काढले आणि तिला सारे शिकवले, अर्थात देशी पद्धतीने. पोर मोठी तल्लख. पण आबाजींनी राजाची उडी मारली की ते क्षणभर थांबत, काहीतरी ऐकू येईल या आशेने. नत्थुजींची गंमत त्यांनी खुशीला किती वेळा सांगितली असेल, मला मोजताही येणार नाही. तरी तिला ते थांबणे कळत नसे. मला कळत असे.

सातवीत असताना खुशी शाळेच्या बुद्धिबळ वर्गात गेली आणि तिथेच घोटाळा झाला. पहिल्याच डावात तिने प्यादी एकेक घर सरकवली आणि मग ऐटीत राजा उचलून अडीच घरे उडवला. जगभर आता ज्या नियमांनी खेळतात, त्यात राजाला अशी उडी नाहीच. सगळा वर्ग हसला. तिच्यासमोर बसलेला अश्विन तर बाकावर हात आपटून हसला. पुढे आठवडाभर मुले तिला पाहून जागच्या जागी उड्या मारत होती.

घरी येऊन तिने दप्तर फेकले. "आबाजी, तुमी मले खोटं काहून शिकवलं? सारा वर्ग हासला मले!"

"खोटं नाई वं माय, आमी असंच खेळत होतो..."

"मंग तुमीच खेळा!"

आणि तिने मला स्वयंपाकघरात नेऊन भिंतीशी टाकले. तिच्या आईला, सीमाबाईंना, डुगडुगणाऱ्या माठाखाली ठेवायला एक फळी हवीच होती. त्यांचा काही दोष नाही. मी सपाट आहे आणि बोलत नाही. दोन महिने मी माठाखाली होतो. रात्रंदिवस थेंब थेंब पाणी झिरपे. शेवटी माझ्या नेमक्या मधल्या चार घरांवर एक गोल पांढुरका डाग उमटला, तो अजून तसाच आहे. माठ थंड होता, वैशाखाचे दिवस होते, म्हणून घरातले सगळे त्याचे कौतुक करत. माझ्याकडे कुणी बघत नव्हते. मित्रांनो, मला तेव्हा रडू येत होते, पण तेवढ्या ओलीत ते कुणाला कळणार?

तिथून मी खुशीला मात्र रोज पाहत असे. ती आईचा मोबाइल घेऊन चुलीजवळ बसे आणि डावाची सुरुवात कशी करायची याचे व्हिडिओ बघे. सोमवारी सिसिलियन, मंगळवारी लंडन, बुधवारी आणखी कुठले तरी. वहीच्या मागच्या पानांवर तिने अकरा नावे लिहिली होती. सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर रोज नव्या सुरुवातीने खेळायची आणि रोज हरून यायची. आठ चाली तोंडपाठ असत. नवव्या चालीला समोरचा भलतेच काही खेळला की हिची बोलती बंद. त्यातच बुद्धिबळ वर्ग घेणाऱ्या माया मॅडमनी जाहीर केले की अकोल्याच्या स्पर्धेसाठी शाळेतून तिघे जातील. दोघे ठरलेच होते. तिसऱ्या जागेसाठी खुशी आणि अश्विन यांचा एकच डाव, येत्या शनिवारच्या पुढच्या शनिवारी. त्या दिवशी खुशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी किसनरावांनी माठ उतरवला. मला उन्हात धरले, पुसले, तेलाचा बोळा फिरवला. मग खुशीसमोर येऊन बसले. दोन महिने ओलीत काढलेल्याला विचारा, असे तेल अंगाला लागले की कसे वाटते ते!

"मले शिकव तुमचे नियम," ते म्हणाले.

"जमन का तुमाले?"

"नाई जमलं त तू हासजो."

आणि ती खरेच हसली, कारण सत्तरीच्या माणसाला चाळीस वर्षांची सवय सोडवेना. प्यादे एकच घर सरकवायचे आणि मग "अरे हो!" म्हणून पुढे ढकलायचे. राजाकडे हात गेला की तो हात आपोआप उडी घेई. खुशी त्यांचे मनगट धरून म्हणे, "आबाजी, राजा!" त्या हसण्यात तिचा राग केव्हा विरघळला, ते तिलाही कळले नाही. ज्या चुकीपायी आपले हसे झाले, तीच चूक आबाजी तिच्यासमोर दिवसातून दहादा करत होते, आणि त्यांना जराही लाज वाटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने ती वही काढली. "यातली कोनती सुरुवात घेऊ, तुमीच सांगा."

आबाजींनी अकरा नावे ऐकली. "रोज नवीन? वांग्याचं रोप रोज उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं, त त्याले वांगं लागन का?"

"मंग एक कोनतं?"

"मले नावं नाई समजत. मी सकाळी तोड्याले निघताना काय पाहतो? सारे गडी निघाले का. एकटा शहाणा वावरात गेला आन बाकीचे घरी चहा पेत बसले, त तोडा होते का?"

मग त्यांनी अकराही सुरुवाती माझ्यावर मांडायला लावल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न: चार चालींत किती गडी घराबाहेर पडले? काहींत वजीर एकटाच हिंडत होता, काहींत नुसती प्यादी. ज्यात राजासमोरचे प्यादे दोन घरे जाते, मग घोडा, मग उंट आणि मग किल्लेकोट, म्हणजे राजा दोन घरे सरकून हत्तीच्या आडोशाला जातो, ती त्यांना पसंत पडली. "कसं हाये पाह्य, राजा घरात आन गडी वावरात." काळी मोहरी आली तरी हाच हिशेब, असे ठरले. उरलेली दहा नावे खुशीने स्वतःच खोडली. मधल्या डागावर तिने नखाने खरवडून पाहिले, तेव्हा आबाजी म्हणाले, "राहू दे. इथंच बाजार भरते."

शनिवारी शाळेत पट कमी पडत होते, म्हणून खुशी मला पिशवीत घालून घेऊन गेली. मला बाकावर मांडले तेव्हा सुपारी बघून पोरे फिदीफिदी हसली. माया मॅडम म्हणाल्या, "सुपारी चालेल. पण लक्षात ठेवा, ज्या सोंगटीला हात लावाल ती हलवावी लागेल, आणि चुकीची चाल केली की डाव गेला."

खुशीकडे पांढरी मोहरी होती. तिने सुपारीच दोन घरे पुढे नेली. अश्विन हुशार. खुशी पाठ करून खेळते हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने मुद्दाम अगदी कडेचे प्यादे पुढे ढकलले. खुशीने घोडा काढला. त्याने दुसऱ्या कडेचे प्यादे ढकलले. अकरा नावांपैकी एकातही असे काही नव्हते. खुशीचा हात थबकला. घामाने ओली झालेली तिची बोटे माझ्या डागावर टेकली होती. भिंतीवरचे घड्याळ पुढे पळत होते आणि मी मनातल्या मनात ओरडत होतो, नाव शोधू नको गं, माणसे मोज!

तिचे ओठ हलले. "कोन घरी हाये?" ती स्वतःशी पुटपुटली, आणि तिने उंट बाहेर काढला.

पुढच्या चालीला तिने राजा उचलला. मागून कुणीतरी कुजबुजले, "उडव, उडव!" अश्विनच्या ओठांवर हसू फुटले. राजा हवेत होता आणि हात लावला म्हणजे हलवणे भाग होते. मित्रांनो, चाळीस वर्षांत मी एवढा घाबरलो नव्हतो. मग राजा सावकाश खाली आला, दोन घरे बाजूला, आणि हत्ती त्याच्या पलीकडे येऊन उभा राहिला. अश्विनचे हसू मावळले.

त्यानंतर खुशीने घाई केली नाही. तिचे सगळे गडी माझ्या डागाभोवती जमले, तोवर अश्विनचे निम्मे घरीच होते आणि त्याचा राजा उघड्यावर. सव्विसाव्या चालीला वजीर आणि घोड्याने मिळून मात केली.

अश्विनने हात पुढे केला. पोरगा मनाचा वाईट नाही. "कोनती ओपनिंग होती थे?"

"आबाजीची," खुशी म्हणाली. "सकाळचा तोडा."

आम्ही घरी आलो तेव्हा किसनराव कडुनिंबाखाली झेंडूची टोपली पुढ्यात घेऊन बसले होते. फुले निवडण्यात त्यांचे लक्ष नव्हते, कारण चांगली फुले टाकाऊच्या ढिगात पडत होती. जिंकली का, असे त्यांनी विचारले नाही. "निघाले होते का सारे?"

"सारे निघाले. एक हत्ती जरा उशिरा आला."

"मंग?"

"मंग काय, अकोल्याले जाऊन राहिली मी!"

आबाजींनी डोळ्यांना उपरणे लावले. खुशीने टोपली बाजूला सारून मला मध्ये मांडले. "बसा. आज तुमच्या नियमानं."

"काहून वं? सवय मोडन तुयी."

"नाई मोडत. मले आता दोन्ही ठाऊक हायेत."

प्यादी एकेक घर सरकू लागली, पूर्वीसारखी. ऊन उतरले तरी आबाजी उडी राखून होते. शेवटी त्यांनी राजा उचलला आणि ऐटीत अडीच घरे लांब, टपकन माझ्यावर आदळला. आणि सवयीप्रमाणे ते क्षणभर थांबले.

"मारली का माकडउडी!" खुशी म्हणाली.

किसनराव इतके हसले की ठसका लागला, आणि खुशी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत हसत राहिली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माठाखाली, माळ्यावर किंवा पोत्याआड माझा एखादा भाऊबंद दबला असेल, तर त्याला बाहेर काढा. कोरड्या फडक्याने पुसा. ओले मला पुरे झाले. नवे नियम मन लावून शिका, सुरुवात एकच धरा आणि सगळ्यांना बाहेर काढा. आणि ज्यांनी तुम्हाला पहिले प्यादे हातात दिले, त्यांच्यासमोर अधूनमधून बसून एक डाव त्यांच्या चालीने होऊ द्या. त्यांच्या राजाची उडी अजून शिल्लक असते.