तापल्यावर विझणारा लाल

सुप्याच्या एमआयडीसीत टीव्हीसारख्या पडद्यांचा एक कारखाना आहे. तिथे आराधना तपासणी बघायची. मिठाच्या कणाहून बारीक लाल, हिरवे, निळे दिवे लाखोंनी उचलून काचेवर चिकटवायचे आणि त्यातला प्रत्येक पेटला पाहिजे. मायक्रोएलईडी म्हणतात त्याला. पहिले बारा पडदे तिच्याच सहीने दवाखान्यांत गेले होते, दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी.

पंधरा दिवसांनी, दिवे काचेवर पक्के करणाऱ्या भट्टीवरचे पुंजाराम तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, तापलं की लाल इझतंय. गार झालं की परत पेटतंय. म्हनून तुमाला कदी दिसलं न्हाई.”

तपासणीच्या खोलीत कायम एसी असायचा आणि पडदा दहा मिनिटांत पास व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी आराधनाने त्याच खेपेतला शिल्लक पडदा कॅमेऱ्याला जोडून चालू ठेवला. तीन तास काही झालं नाही. चौथ्या तासाला उजव्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग मंदावला. तिने आपली लाल ओढणी कॅमेऱ्यापुढे धरली. त्या कोपऱ्यात ती काळी दिसत होती.

तिने साहेबांना, सुश्रुत सरांना बोलावलं. त्यांनी मंदावलेल्या कोपऱ्याला हात लावून पाहिला.

“ऑपरेशन थिएटर थंड असतं,” ते म्हणाले.

“पडदा स्वतःच तापतो, सर.”

“दवाखान्यांना लेखी काही पाठवू नका. सोमवारी बोलू.”

ते गेल्यावर आराधनाने दवाखान्यांची यादी काढली आणि स्वतःच्या मोबाईलवरून फोन लावायला सुरुवात केली. पहिले दोन कुणी उचलले नाहीत. तिसरा संगमनेरला लागला. तिथल्या जॉय नावाच्या तंत्रज्ञाने उचलला.

“पडदा चालू आहे का?”

“सकाळी आठपासून. तिसरं ऑपरेशन चाललंय.”

तिने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा.

“उजवा कोपरा अंधारलाय का, विचारा.”

“डॉक्टर मघाशी म्हणाले खरं, कॅमेऱ्याचा उजेड कमी पडतोय.”

“जुना पडदा जोडा. आत्ता. फोन ठेवू नका.”

पावलं ऐकू आली, दार उघडलं, कुणी तरी चिडून बोललं. मग आवाज थांबले. दहा मिनिटांनी जॉय परत आला. त्याचा आवाज खाली गेला होता.

“रक्त साचलं होतं, मॅडम. नव्या पडद्यावर ती नुसती सावली वाटत होती. आता रक्त थांबवलंय. पेशंट बाई वाचतील म्हणतात डॉक्टर.”

आराधनाने यादीत त्या दवाखान्यापुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला. संध्याकाळपर्यंत चार पडदे बंद झाले. आठ ठिकाणी नुसती रिंग वाजत राहिली.

तेवढ्यात सुश्रुत सरांचा शिपाई तिचं ओळखपत्र मागायला आला.