पिशवीतल्या पाच वस्तू

बावीस वर्षं मी बालवर्गात बाई आहे, आणि या वर्षी मला कळलं की मी बाई नाही. तसा कागदच आला. नव्या नियमाप्रमाणे वर्ग घ्यायचा तर बालशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी हे वर्ष संपायच्या आत मिळवावं, नाहीतर मदतनीस म्हणून राहावं. मदतनीस म्हणजे दप्तरं लावायची, फरशी पुसायची, मुलांना बाथरूमला न्यायचं. ही कामं मला काही नवी नाहीत, रोज करतेच. पण ती उरकून मुलांपुढे गोष्ट सांगायला मीच बसते. ते जाणार होतं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कागद माझ्यापुढे सरकवला आणि चष्मा पुसायला घेतला. समोरच्याकडे बघायचं नसलं की त्या चष्मा पुसतात.

"नुसता उपचार आहे हो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय अवघड?"

उपचार म्हणे! सहा महिने शनिवार-रविवार वर्ग, लेखी परीक्षा, एक जाडजूड फाइल, आणि शेवटी परीक्षक येऊन दोन तास माझ्या वर्गात बसणार. बावन्नाव्या वर्षी मी वही-पेन घेऊन पोरीसोरींच्या शेजारी बाकावर बसले. शिकवायला यायची ती मुलगी माझ्या सुनेहून लहान. तिने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: दिसलं तेच लिहा, वाटलं ते लिहू नका. मूल 'रागावलं' असं लिहायचं नाही, 'मुलाने ठोकळा फेकला' असं लिहायचं. मी मनात म्हटलं, ठोकळा माझ्या डोक्यात बसला तरी राग दिसत नाही का तुम्हाला? पण वहीत उतरवून घेतलं.

लेखी परीक्षेत मी पहिल्या फटक्यात पास झाले. नवरा म्हणाला, "आता माझ्यावर नोंदी लिहायला सुरुवात करू नकोस म्हणजे झालं."

"नवऱ्याने ताट उचलले नाही," मी म्हटलं. "दिसलं तेच लिहिते."

सून खो खो हसली. फाइल टाइप करून द्यायचं काम तिने अंगावर घेतलं होतं. त्या फाइलमध्ये वर्गातल्या एका मुलाच्या सहा महिन्यांच्या नोंदी हव्या होत्या. कुठलं मूल निवडायचं ते आपल्या हातात. इथेच मी माती खाल्ली.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, चार वर्षांची. मी तिला गुपचूप म्हणते. घरी चुरूचुरू बोलते असं तिची आई सांगते, पण आमचा उंबरा ओलांडला की ओठ शिवल्यासारखे. चित्रं काढते, ठोकळे रचते, हात धुऊन रांगेत उभी राहते, आणि तोंडातून अक्षर नाही. फ्रॉकची कॉलर चोखत सगळ्यांकडे बघत राहते. मी तिच्याशी बाहुलीच्या आडून बोलून पाहिलं, कानात बोलून पाहिलं, नुसतं शेजारी बसूनही पाहिलं. तिची आई एका लाँड्रीत कामाला आहे. दुपारी न्यायला आली की दारातच विचारते, "बोलली का?" आणि मी रोज काहीतरी पुढे करते. आज हसली. आज मान हलवली. आज माझं बोट धरलं.

"आई, गुपचूपवर लिहा ना," सून म्हणाली होती. "तिच्यासाठी तुम्ही जिवाचं रान करता."

"अगं, बाई सहा महिने झटतेय आणि पोर एक शब्द बोलत नाही, हे मीच लिहून देऊ? आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेऊ?"

मग मी वर्गातल्या ज्या पोराला भोंगा म्हणते त्याच्यावर लिहिलं. भोंगा झोपेतही बोलत असेल. त्याच्या नोंदींनी पानंच्या पानं भरली, सुनेची बोटं दुखली आणि फाइल दृष्ट लागण्यासारखी झाली.

राहिला परीक्षकांसमोरचा उपक्रम. मी पिशवीचा निवडला. कापडी पिशवीत पाच वस्तू, मुलाने न बघता हात घालायचा, चाचपून ओळखायचं. सोपा आणि छान. आता, आमच्याकडे कुणी पाहुणे यायचे म्हटले की मुलांची तालीम घ्यायची, ही बावीस वर्षांची रीत आहे. सभापती आले तेव्हा घेतली, देणगीदार आले तेव्हा घेतली, आणि प्रत्येक वेळी मोठ्या बाईंनी पाठ थोपटली. परीक्षक म्हणजे पाहुणेच की. मी तीन आठवडे रोज तालीम घेतली. त्याच पाच वस्तू, आणि मुलं गोंधळू नयेत म्हणून मी स्वतः त्या क्रमाने हाताशी लागतील अशा ठेवायची. चमचा, लिंबू, किल्ली, कंगवा, चेंडू. सून म्हणाली, "वस्तू बदलत राहा हो." मी म्हटलं, "मला शिकवू नकोस."

परीक्षक मॅडम ठरल्या वेळी आल्या. साठीच्या, सर्दीने हैराण, आवाज मऊ. मला वाटलं होतं कुणी खाष्ट बाई येईल, म्हणजे मनातल्या मनात तिच्याशी भांडता तरी येईल. या तर मुलांच्या छोट्या खुर्चीवर गुडघे दुमडून बसल्या आणि वही उघडली.

मुलं गोल बसली. घाईघाईत पिशवी आणताना ती हातात दोनदा उलटीसुलटी झाली. आतलं सगळं खालीवर झालं असणार, पण ते तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. पहिला नंबर भोंग्याचा. त्याने हात घातला आणि वर्ग दणाणून सोडला, "चमचा!"

हात बाहेर आला तर त्यात कंगवा.

भोंग्याने कंगव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा म्हणाला, "चमचा." या वेळी जरा हळू. मॅडमनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात गुपचूप उभी राहिली. तिने कॉलर तोंडातून काढली. स्वच्छ, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "कंगवा आत्ता नाही. आधी चमचा. मग लिंबू. मग किल्ली. मग कंगवा. मग चेंडू."

आणि खाली बसली.

खरं सांगते, त्या क्षणी परीक्षा माझ्या डोक्यातून पार निघून गेली. मॅडम आहेत, वही आहे, काही आठवलं नाही. ती शाळेत आल्यापासून सात महिने! सात महिने मी त्या आवाजाची वाट बघत होते आणि तो कसा असेल हेही मला माहीत नव्हतं. जरा घोगरा होता. माझे डोळे भरून आले, मी टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "शाबास गं माझी राणी! अगदी बरोबर!"

पोरांनीही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी तेही लिहिलं.

दोन तास संपल्यावर मुलं मोठ्या बाईंबरोबर अंगणात गेली. मॅडमनी नाक पुसलं आणि अहवालाची खालची, कार्बनवाली प्रत माझ्या हातात दिली. मी वाचली. 'एका मुलीने पाचही वस्तूंचा क्रम पाठ म्हणून दाखवला: कंगवा आत्ता नाही, आधी चमचा, मग लिंबू, मग किल्ली, मग कंगवा, मग चेंडू. शिक्षिकेने टाळ्या वाजवून पाठांतराचे कौतुक केले.' खाली निकाल होता. अनुत्तीर्ण.

"मॅडम, ती मुलगी शाळेत आज पहिल्यांदा बोलली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच भीक मागितल्यासारखा वाटला.

पेनाला टोपण लावता लावता त्या थांबल्या. त्यांनी माझी फाइल पुढे ओढली. "हिची नोंद कुठे आहे?"

"नाही."

"एखादं पान? रोजच्या डायरीत दोन ओळी?"

"नाही, मॅडम. मी दुसऱ्या मुलावर लिहिलं."

त्या बराच वेळ फाइलची पानं उलटत राहिल्या. भोंगा, भोंगा, भोंगा. मग म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही आहात, हे कळतंय मला. पण मला जे वाटतं ते मलाही लिहिता येत नाही. तालीम मला दिसली. तिचं गप्प राहणं मला कुठून दिसणार?" फाइल मिटताना त्या म्हणाल्या, "पुढच्या तुकडीला पुन्हा बसा."

पुढची तुकडी म्हणजे पुढचं वर्ष. तोवर वर्गात दुसरं कुणीतरी, आणि मी मदतनीस. मला राग काढायचा होता, पण कुणावर काढू? मॅडम खोटं लिहीत नव्हत्या. पोरांनी तर माझ्यासाठी जीव तोडून पाठ केलं होतं. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

दुपारी गुपचूपची आई आली. "बोलली का?"

"बोलली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि दमल्यासारखी हसली. मग लेकीपुढे उकिडवी बसली. "बोललीस? काय बोललीस गं?" गुपचूपने कॉलर तोंडात घातली.

"बाई, तुम्ही रोज माझं मन राखायला काहीबाही सांगता, ते कळतं हो मला," आई हळू आवाजात म्हणाली. "पण हे नका सांगू. याच्यावर मी आशा लावून बसेन."

माझ्याकडे दाखवायला दुसरं काय होतं? मी घडी घालून ठेवलेली ती प्रत काढली आणि ओळीवर बोट ठेवून तिच्या हातात दिली. ती ओठ हलवत वाचायला लागली. कंगवा आत्ता नाही. आधी चमचा. तिने ते तीनदा वाचलं. मग तिथेच, चपलांच्या रांगेशेजारी, ती हसताहसता रडायला लागली आणि तिने लेकीला असं आवळलं की पोर कुरकुरली.

"हे त्या तपासायला आलेल्या बाईंनी लिहिलंय?"

"हो. त्यांनी स्वतः ऐकलं."

"किती सरळ बोललीय बघा. एवढं सगळं." तिने डोळे पुसले. "बाई, पुढच्या वर्षीही तिला तुमच्याच वर्गात ठेवा हं. दुसऱ्या कुणापुढे ती तोंड उघडायची नाही."

निकाल त्याच पानावर होता, त्या ओळीच्या जरा खाली. तिचा अंगठा नेमका त्याच्यावर होता.

"मी इथेच आहे," मी म्हटलं, आणि तिने अंगठा उचलायच्या आत कागद परत घेतला.