पुकामायु गावाची हाक

पुतुतु म्हणतात मला. तुमच्या भाषेत मी शंख. पण देवापुढचा नव्हे, डोंगरातला. पुकामायु गावाच्या बटाट्याच्या वाफ्यांवर, ओझी वाहणाऱ्या लामा जनावरांच्या वाटांवर आणि गावाच्या डोक्यावर असलेल्या जुन्या इंका कोटावर गेली साठ-सत्तर वर्षं माझा आवाज फिरतो आहे.

जन्म माझा समुद्रातला. तिथलं फारसं आठवत नाही. ऊब आठवते, आणि माझ्या आत राहणारा एक मऊ, अबोल जीव आठवतो. तो गेला आणि मी रिकामा झालो. मी रिकामा झालो म्हणूनच पुढचं सगळं घडलं, हे मला फार उशिरा कळलं.

एका फिरत्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून मी वर आलो. पुकामायुच्या मेल्चोरने एक पोतं चुन्यो, म्हणजे थंडीत गोठवून वाळवलेले बटाटे, देऊन मला घेतलं. त्याची बायको बासिलिया दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खायचं देऊन घरात हाड आणलंस. आता शिजव ते."

मेल्चोर त्या वर्षी गावचा काठीवाला होता. काठी ज्याच्या हातात, त्याने गाव एकत्र आणायचं. त्याने ओल्या वाळूत, दगडावर, रोज संध्याकाळी थोडा थोडा करत माझा शेंडा घासला. भोक पडलं तेव्हा तो अंगणात गेला, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. सर्दी झालेली गाय हंबरावी तसा आवाज निघाला. पोरंबाळं हसून लोळली. मेल्चोर हसला नाही. त्याने पुन्हा फुंकलं. या खेपेला समोरच्या कड्याने उत्तर दिलं आणि अंगण गप्प झालं.

मग हाका ठरल्या. एक लांब: पाट साफ करायला, बांध घालायला, कुदळ घेऊन या. दोन लांब: कुणीतरी गेलं, या. तीन आखूड आणि एक लांब: संकट आहे, हातातलं टाका आणि या. याखेरीज मला फुंकायचं नाही, असा गावाचा दंडक होता.

एकदा बांध घालताना मी मेल्चोरच्या हातून निसटलो आणि माझ्या ओठाचा टवका उडाला. हवा निसटायला लागली, आवाज फाटायला लागला. तेव्हा बासिलियाने शालीला लावायची आपली चांदीची पिन काढून लोहाराला दिली. लग्नातली होती ती. लोहाराने ती वितळवून माझ्या ओठाला पट्टी बसवली. बासिलिया एवढंच म्हणाली, "शाल काय, गाठ मारूनही राहते." मला हाड म्हणणारी बाई ही. तिचे उपकार मी अजून ओठावर वागवतो.

मेल्चोरनंतर मी त्याच्या मुलाकडे, साबिनोकडे आलो. साबिनो बोलायला कमी, पण दमाचा पक्का. त्याच्या हाकेवर गावाने शाळेच्या भिंती उभ्या केल्या, वाहून गेलेला पूल दोनदा बांधला. मी तर नुसता पोकळ. फुंकणारा तो, धावणारे ते. पण पूल झाल्यावर कुणीतरी माझ्यावरही चिचाचे, म्हणजे मक्याच्या दारूचे, चार थेंब शिंपडायचं, आणि आपणही दोन दगड वाहिलेत असं मला वाटायचं.

पुढे गावच्या कचेरीवर भोंगा बसला. बटण दाबलं की सगळं गाव ऐकतं. साबिनोने मला स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. खाली पाळलेल्या गिनीपिगांची चुळबुळ, वर धूर. त्याची बायको फर्मिना माझ्यात वाटाण्याचं बियाणं ठेवू लागली. आठ वर्षं मी बियाणं सांभाळलं. तक्रार करत नाही. ते काम काही वाईट नव्हतं. पण वाऱ्याची झुळूक दारातून आली की माझ्या आत काहीतरी उगीच घुमायचं आणि वाटाण्यांत दबून जायचं.

साबिनोची लेक एर्लिंदा कुस्को शहरात शिकून वाटाडी झाली. परदेशी पाहुण्यांना घेऊन चार दिवसांच्या डोंगरवाटेने यायची. ती वाट आमच्याच कोटावरून जाते. एका सकाळी ती घरात आली, मला खिळ्यावरून काढलं आणि वाटाणे ओंजळीत ओतले.

"बाबांना विचारलंस?" फर्मिना म्हणाली.

"तू सांग ना त्यांना. माझ्यापेक्षा तुझं ऐकतात."

"माझं? तीस वर्षांत एकदा ऐकलंय, ते पण चुलीत राख साठली म्हणून."

असा मी कोटावर गेलो. तिथल्या दगडांना मी तरुणपणापासून ओळखतो. एकात एक असे बसलेत की सुरीचं पातं शिरत नाही. एर्लिंदा पाहुण्यांना सांगायची की याच वाटेने जासूद पळायचे, असाच पुतुतु फुंकत. मग एक लांब हाक द्यायची. पाहुणे थक्क व्हायचे, फोटो काढायचे. काही जण स्वतः फुंकायला मागायचे आणि माझ्यात नुसती थुंकी सोडायचे. खरं सांगतो, मला आवडायचं. आठ वर्षं बियाणं सांभाळलेल्याला कुणी फुंकलं की तो कशासाठी हे विचारत नाही.

कोटाखालच्या वाफ्यात साबिनोचे बटाटे होते. सहसा तो दुपारी पलीकडच्या उतारावर असायचा, तिथे कोटावरची हाक पोचत नाही. त्या दिवशी होता. एर्लिंदाने हाक दिली, आणि थोड्या वेळाने तटाच्या पायऱ्यांवरून साबिनो वर आला. खांद्यावर पायाने रेटायचा नांगर, धाप लागलेली, टोपी हातात. भोंगा बिघडला असेल, पाट फुटला असेल, असं समजून तो तसाच धावत सुटला होता. समोर बघतो तर बारा-पंधरा पाहुणे. त्यांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

साबिनो श्वास जागेवर येईपर्यंत तिथेच उभा राहिला.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही, बाबा. यांना दाखवत होते."

"काय दाखवत होतीस?"

एर्लिंदाने मला पाठीमागे धरलं.

"ज्या हाकेला माणूस धावून येतो," तो हळूच म्हणाला, "ती हाक दाखवायची नसते, पोरी."

त्याने मला परत मागितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता वळला आणि पायऱ्या उतरून गेला. त्यानंतर बापलेकीचं बोलणं मिठापुरतं आणि निरोपापुरतं राहिलं. एर्लिंदाने मला लोकरीच्या फडक्यात गुंडाळलं आणि पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी ठेवलं. फुंकणं बंद. पण तिने मला परत खिळ्यालाही लावलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

एक वर्ष गेलं. पाऊस सरत आला होता, पण खिंडीत त्याचा नेम नसतो. एर्लिंदा नऊ पाहुण्यांना घेऊन वर निघाली होती. त्यांच्यात ग्रेटा नावाच्या एक नॉर्वेच्या बाई होत्या, सत्तरीच्या, निवृत्त मास्तरीण. त्या सावकाश चालायच्या, म्हणून त्यांच्यासोबत स्वयंपाकाचं सामान वाहणारा सातुर्निनो मागे राहिला होता. आमच्याच गावचा, पन्नाशीचा, मोजका बोलणारा माणूस.

जेवणानंतर गारा सुरू झाल्या. मागोमाग धुकं आलं. एर्लिंदाने आठ जणांना कोटातल्या जुन्या कोठाराच्या भिंतींआड बसवलं आणि मोजलं. पुन्हा मोजलं. ग्रेटाबाई आणि सातुर्निनो आले नव्हते. गारांनी वाट पांढरी करून टाकली होती. मागे वाटेला फाटा आहे. चुकीचा फाटा घळीत उतरतो. फोनला तिथे कधीच रेंज नसते.

आठ जणांना सोडून ती जाऊ शकत नव्हती. त्यातल्या एकाचे ओठ निळे पडायला लागले होते. तिने प्लास्टिकची शिट्टी वाजवली. वाऱ्याने ती तिच्या तोंडासमोरच गिळली. मग तिने पिशवी उपडी केली आणि मला फडक्यातून काढलं.

तिने मला तोंडाजवळ धरलं. मला ऐकू येण्याइतपत ती पुटपुटली, "कोण येणार आहे आता माझ्या हाकेला?"

पहिल्यांदा नुसती हवा गेली. दुसऱ्यांदाही. तिने ओठ चावले, पुसले, पुन्हा लावले. तीन आखूड, एक लांब.

मग ती थांबलीच नाही. बर्फाइतका गार मी आणि आत तिचा गरम श्वास. माझ्या पोटात कुठेतरी बारीक कट्ट झालं. मला तडा गेला होता. तिला ते कळलं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तीन आखूड, एक लांब. पुन्हा. पुन्हा.

खाली गावात काय झालं ते मला नंतर फर्मिनाच्या तोंडून कळलं. साबिनो दारात दोर वळत बसला होता. आवाज आला तसे त्याचे हात थांबले. शेजारचा पीओ म्हणाला, "जा, जा, पाहुणे टाळ्या वाजवायला थांबलेत." साबिनो उठला. अर्धवट वळलेला दोर त्याने खांद्यावर टाकला, दोन पोंचो, अंगावर घ्यायच्या जाड घोंगड्या, घेतले आणि पीओला म्हणाला, "तुझा घोडा सोड."

"आणि तमाशा निघाला तर?"

"तर तू हस. घोडा सोड."

पीओने घोडा सोडला, आणि स्वतःही निघाला. त्यांना जाताना बघून आणखी चौघे निघाले.

अर्ध्या चढावर त्यांना माझ्याखेरीज दुसरा एक आवाज ऐकू आला. टण, टण, टण. घळीतून. सातुर्निनो गारांवरून घसरून घळीच्या तोंडाशी पडला होता आणि त्याचा पाय घोट्यापाशी मोडला होता. त्याने ग्रेटाबाईंना खुणेने सांगितलं होतं की तुम्ही शंखाच्या आवाजाकडे जा. बाई गेल्या नाहीत. स्वतःचं जाड जाकीट त्यांनी त्याच्या अंगावर घातलं, त्याच्या ओझ्यातली पातेली काढली आणि माझ्या प्रत्येक हाकेला पळीने उत्तर देत बसल्या. त्यांचं उत्तर वर एर्लिंदापर्यंत पोचत नव्हतं. खालून येणाऱ्यांना मात्र ते मिळालं.

कोठाराच्या दारात साबिनो आला तेव्हा एर्लिंदा पाठमोरी, तटावर उभी होती, अजून फुंकत. तिच्या हनुवटीवर रक्ताचा ओघळ सुकला होता. मागून पोंचोच्या झोळीतून सातुर्निनोला आणत होते. ग्रेटाबाई घोड्यावर होत्या आणि पातेली त्यांनी अजून सोडली नव्हती.

साबिनोने मला तिच्या हातातून काढून घेतलं.

"पुरे आता. आलो ना."

तिने त्याच्याकडे बघितलं, मग झोळीकडे, मग घोड्याकडे, आणि मटकन खाली बसली. साबिनोने आपल्या बाहीने माझं तोंड पुसलं. मग त्याच बाहीने तिची हनुवटी पुसली.

बऱ्याच वेळाने, सगळ्यांच्या हातात पुदिन्यासारख्या मुन्याचा गरम काढा आला तेव्हा तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला वाटलं नाही, पुन्हा पाहुण्यांसाठीच असेल म्हणून?"

"वाटलं. निम्मा डोंगर चढेपर्यंत तेच वाटत होतं."

"मग परत का नाही फिरलात?"

साबिनोने काढ्याचा घोट घेतला. "येऊन तुला शिव्या घालायच्या होत्या ना. खालून कशा ऐकू आल्या असत्या?"

एर्लिंदा हसली आणि हसता हसता रडली. पीओने घोड्याच्या मानेत तोंड घातलं.

सातुर्निनोचा पाय जुळला. जरा ओढत चालतो, पण चालतो. ग्रेटाबाईंनी नॉर्वेहून त्याला जाकीट पाठवलं, आणि त्याच्या बायकोने इकडून त्यांना विणलेली शाल. गावाच्या सभेत साबिनोने स्वतः उभं राहून सांगितलं की पाहुण्यांसाठी एक वेगळी हाक ठरवू, जिच्यावर कुणी धावून यायचं नाही. बरीच वादावादी झाली. पीओ म्हणाला, पोटात दुखणाऱ्या लामासारखी ठेवा, म्हणजे कुणी फसणार नाही. शेवटी साबिनोने अंगणात बसून लेकीला एक नवी हाक शिकवली, वर चढणारी आणि मग हळूहळू विरणारी. पूर्वीच्या तीन हाकाही पक्क्या करून घेतल्या. पुकामायुत आजवर गावाच्या हाकांसाठी पुतुतु बाईच्या हाती गेला नव्हता. या वेळी तो कुणाच्या लक्षातही न येता गेला.

आता माझी गोष्ट. तडा हळूहळू वाढतो आहे. वरच्या पट्टीत गेलं की आवाज किंचित चिरतो. शहरातून एक जाणते गृहस्थ येऊन बघून गेले. त्यांचं म्हणणं, याला फुंकणं थांबवा, काचेच्या पेटीत ठेवा, आणखी शंभर वर्षं टिकेल. माणूस चांगला होता. त्याने मला फार हळुवार हातात धरलं. एर्लिंदाला काय करावं ते कळत नाही. मला मऊ फडक्यात ठेवते, काढते, पुन्हा ठेवते.

तिला मला एवढंच सांगायचं आहे, आणि तिच्यानंतर ज्याच्या हाती मी जाईन त्यालाही. पोरी, मला स्वतःचा श्वास नाही. मेल्चोरने दिला, साबिनोने दिला, तू दिलास; तेवढाच काळ मी जगलो. मधली आठ वर्षं मी टिकलो होतो, जगलो नव्हतो. तुमच्या या उसन्या श्वासाबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू? फुटायचं असेल तर एखाद्या हाकेच्या मधोमध फुटू दे, निम्मं गाव वाटेला लागलेलं असताना.

सकाळ झाली आहे. धुकं खालीच आहे. पाटाचं काम काढायचं म्हणत होतीस ना? घे मला हातात.