गुलाबी टाचणी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. दिसायला काही खास नाही. एक कोपरा झिजलेला, अंगभर बारीक भोकं आणि एका टोकाला गुलाबी डोक्याची एक टाचणी अजून रुतलेली. ती टाचणी कुणी उपसू नये, एवढंच माझं मागणं आहे. का, ते सांगते.

एका सुताराने मला मऊ लाकडातून कापलं, रंधा मारला आणि एका शिंप्याच्या दुकानात पोचवलं. तिथली बारा वर्षं कशी गेली ते कळलंच नाही. शिंपी माझ्यावर कापड दुहेरी घडी घालून पसरायचा, खडूने रेघ ओढायचा आणि कात्री अशी चालवायचा की बघणारा बघतच राही. घडीमुळे एकाच कापात दोन्ही बाह्या निघायच्या, एक डावी, एक उजवी. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय हात आहे हो तुमचा!" त्यातलं थोडं कौतुक मी गुपचूप माझ्या वाट्याला काढून ठेवायची. अहो, खाली मीच तर असायची ना!

पुढे लोक तयार कपडे घेऊ लागले. दुकान बंद झालं आणि शिंपी एका कारखान्यात लागला. तिथे त्याला काम एकच, शर्टाला डावा खिसा लावायचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डावा खिसा. तो शर्ट कोण घालणार, त्याला नीट बसेल की नाही, कशाचाच पत्ता नाही. घरी आला की तो भिंतीकडे बघत बसे. मलाही त्याने घरी आणलं होतं, दाराआड मी धूळ खात उभी होते. त्याची अकरा वर्षांची मुलगी, गोल डोळ्यांमुळे जिला सगळे गुंडी म्हणत, त्याच्याभोवती जराशी घुटमळायची आणि आत निघून जायची. एक अख्खं वर्ष बापलेकीत धड चार वाक्यं झाली नाहीत. दाराआडून मला सगळं ऐकू यायचं, म्हणजे खरं तर काहीच ऐकू यायचं नाही. फार वाईट वाटायचं.

मग गुंडीच्या मामाने तिला एक खोकं पाठवलं. आत पिसासारख्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या, गोंदाची नळी आणि विमानाचा मोठा नकाशा.

"बाबा, आपण दोघांनी करायचं?" तिने भीत भीत विचारलं.

शिंप्याने एक पट्टी उचलली, नखाने चाचपली आणि म्हणाला, "जा, फळी आण."

मित्रांनो, त्या क्षणी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! रविवारी दुपारी खिडकीपाशी मला आडवं टाकलं. माझ्यावर नकाशा, नकाशावर लाकडाच्या फासळ्या, आणि त्या जागच्या हलू नयेत म्हणून टाचण्या. दोघंही नवशिके. गोंद बोटांना जास्त आणि लाकडाला कमी लागत होता. पण शिंपी बोलू लागला! "टाचणी जरा तिरकी टोच, म्हणजे निसटत नाही," असं काहीबाही सांगत राहिला. गुंडी मान हलवत हसत होती. दोन रविवारांत एक पंख तयार झाला.

आता दुसरा. नकाशावर पंख एकच काढलेला होता, डावा. उजव्यासाठी कागदाला तेल लावून तो पालथा घालायचा, म्हणजे रेघा आरपार दिसतात, असं कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. गुंडीने ते वाचलं आणि कागदाचा कोपरा उचलला. "बाबा, हा उलटा करायचाय."

"राहू दे. जन्मभर बाह्या कापल्यात मी. एका आकारावरच दोन निघतात," शिंपी म्हणाला. त्याने कोपरा दाबला आणि आपल्या डबीतली गुलाबी टाचणी त्यावर टोचून टाकली.

बाह्यांच्या वेळी घडी काम करायची, हे तो विसरला. टाचण्या पुन्हा माझ्या त्याच त्या भोकांत शिरू लागल्या तेव्हाच मला कळलं की घोटाळा होतोय. पण फळीला तोंड कुठलं?

पंख जोडायच्या दिवशी घोटाळा उघड्यावर आला. एका पंखाची गोल कड पुढे, दुसऱ्याची मागे. दोन्ही डावेच! शिंप्याची बायको चहा घेऊन आली होती. तिला हसू आवरेना. "दिवसभर डावे खिसे लावता, मग पंख तरी उजवा कुठून निघणार?"

ती थट्टाच करत होती. पण शिंप्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो गुंडीकडे वळला. "कागद तू ठेवलास ना? लक्ष कुठे असतं तुझं?"

मी ऐकतच राहिले. गुंडीने बापाकडे बघितलं, एकदा आईकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाली, "हो बाबा. माझंच चुकलं."

त्यानंतर ती माझ्याकडे फिरकली नाही. नकाशा तसाच अंगावर घेऊन मी पुन्हा दाराआड गेले. घरात पुन्हा तेच मुकेपण, उलट आधीपेक्षा जड. मला खोटं सहन होईना आणि खरं सांगता येईना.

महिन्याभराने शिंप्याने नकाशा काढायला मला बाहेर ओढलं. तीन कोपरे सुटले. चौथा सुटेना. त्याचा हात त्या टाचणीवर गेला आणि तिथेच थांबला. त्याने ती टाचणी ओळखली.

"गुंडे, इकडे ये. ही कुणी टोचली?"

"जाऊ दे ना, बाबा."

"सांग."

"तुम्ही."

"मग 'माझंच चुकलं' असं का म्हणालीस?"

"आई हसली तेव्हा तुम्ही रडाल असं वाटलं."

शिंपी खाली बसला. "चूक माझी होती. आणि तुझ्यावर ढकलली, ती त्याहून मोठी," तो म्हणाला. गुंडीने ऐकून घेतलं, पण "मला नाही करायचं आता" म्हणून ती आत गेली. तिचंही चूक नव्हतं.

पुढच्या रविवारी शिंपी एकटाच बसला. टाचणीला हात न लावता तिच्याभोवतीचा कागद त्याने कात्रीने सोडवला, त्याला तेल लावलं, पालथा घातला. या वेळी माझ्या अंगावर नवी भोकं पडू लागली. गुंडी दारातून येजा करत होती. तिसऱ्या फेरीला ती थांबली.

"ती फासळी वाकडी बसलीय."

शिंप्याने मान वर केली नाही. "गोंद ओला आहे अजून," तो म्हणाला.

ती आली, गुडघे टेकून बसली आणि एका बोटाने फासळी सरळ केली.

मित्रांनो, मला पुसूनबिसून ठेवा, असं मी म्हणत नाही. दाराआड उभं राहायची मला सवय आहे. फक्त आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर टाकून कुणाला असं मुकं करू नका. आणि ती गुलाबी टाचणी राहू द्या. शिंपीही ती काढत नाही.