मचाणावरची दुसरी जागा

नोमानने कॅनडाहून तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "अब्बा, यू डिसाइड." झालं. त्या शुक्रवारपासून दुबईतल्या अल बर्शाच्या त्या फ्लॅटमध्ये दुसरा विषय उरला नाही.

फोटो मचाणांचे होते. तिकडे हरणाच्या शिकारीला माणसं झाडावर बसतात आणि त्यासाठी दुकानात तयार लोखंडी मचाण मिळतं, ही गोष्ट हमदुल्ला परकारांना वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळली. पहिलं मचाण पाठीवर बांधून न्यायचं आणि त्याच्यासकट खोडावर चढत जायचं. दुसरं खोडाला पट्ट्यांनी आवळायचं. ही दोन्ही एकट्या माणसाची. तिसऱ्याला मात्र खालपासून शिडी होती आणि वर एक बाकडं, शेजारी शेजारी दोन माणसं बसतील एवढं.

हमदुल्लांनी पहिल्या नजरेतच तिसरं पसंत केलं. पण लगेच तसं सांगून मोकळं होणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. जबल अली बंदरातल्या गोदामात आयुष्य घालवलेला माणूस. आलेला माल उलटासुलटा करून पाहिल्याशिवाय सही करायची नाही ही सवय अंगात मुरलेली. शिवाय, लगेच सांगितलं असतं तर नोमानचे फोन थांबले असते. एरवी पंधरा दिवसांतून एकदा येणारा मुलगा आता रोज संध्याकाळी बोटिमच्या व्हिडिओ कॉलवर दिसत होता. तिथे सकाळ असायची आणि तो गाडी चालवत बोलायचा.

"झाड कुठलं?" हमदुल्ला विचारायचे.

"मेपल, अब्बा. मित्राच्या फार्मच्या एंडला. पलीकडे ॲपलची झाडं आहेत, त्यांची फळं खाली पडतात."

"मग बरोबर. फळ जिथे पडतं तिथे जनावर येतं. वारा कुठून येतो सकाळी?"

नोमानला वारा कुठून येतो ते ठाऊक नसायचं. मग दुसऱ्या दिवशी तो बघून सांगायचा, आणि हमदुल्ला डोळे मिटून मान डोलवायचे, जणू तो वारा अल बर्शाच्या बाल्कनीतच येऊन लागला.

"तुझं वजन किती?" त्यांनी एकदा विचारलं.

"एटी फाइव्ह. व्हाय?"

"लिमिट असते बेटा. लोडिंग म्हणजे लोडिंग."

फोन ठेवून त्यांनी मोबाइलवर हिशोब केला. अरफा, त्यांची धाकटी, मरीनातल्या ऑफिसातून नुकतीच आली होती. तिने मागून डोकावून पाहिलं. "अब्बा, वन सिक्स्टी सेव्हन? नोमान इज नॉट अ कॅमल."

"सेफ्टी मार्जिन ठेवावं लागतं," हमदुल्ला म्हणाले आणि मोबाइल उलटा करून ठेवला.

खरी गोष्ट अशी होती की त्यांना त्या बाकड्यावरची दुसरी जागा हवी होती. नोमानला तिकडे जाऊन सात वर्षं झाली. कॅनडाचा व्हिजिट व्हिसा पासपोर्टवर लागलेला होता, पण बोलावणं यायचं ते जुलैचं. "नोव्हेंबरमध्ये थंडी फार असते अब्बा, तुम्हाला झेपणार नाही, समरमध्ये या." शिकार असते नोव्हेंबरमध्ये. जुलैत गेलं की मॉल, धबधबा आणि सूनबाईंच्या मैत्रिणींकडे जेवणं. बाप-लेक दोघंच कुठे बसलेत असं होत नसे. तसं दुबईत तरी कुठे झालं होतं? नोमान शाळेत होता तेव्हा कंपनीची बस बापाला पहाटे न्यायची आणि तो झोपल्यावर परत आणायची. मुलगा मोठा झाला तो हमदुल्लांनी शुक्रवारचा शुक्रवार पाहिला.

स्वतः होऊन मात्र ते "मी येतो" म्हणणार नव्हते. मुलाकडे मागायचं नाही, हा त्यांचा हट्ट. आणि मागायची गरजही नव्हती, कारण त्यांच्याकडे एक भक्कम कारण होतं.

ते कारण म्हणजे सुरी. दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. त्यांचे बाबा जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. वर्षाचे दहा महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरी आले की बंदूक उतरवायचे आणि पहाटे रानात जायचे. एका बेहड्याखाली फळं पडायची, ती खायला भेकर यायचं. समोरच्या ऐनाच्या झाडावर बाबांनी बांबूचं मचाण बांधलं होतं. दहा-अकरा वर्षांच्या हमदुल्लाला ते सोबत न्यायचे, आणि त्याचं काम ठरलेलं होतं. बार वाजला की खाली उतरायचं, धावत सुटायचं आणि जनावरात जीव आहे तोवर ते हलाल करायचं. सुरी त्याच्या कमरेला बांधलेली असायची. बाबांचं वय झालेलं, त्यांना पळवत नसे. म्हणजे शिकार बाबांची, पण ती घरच्यांच्या तोंडी लागायची ती हमदुल्लाच्या पायांमुळे. पुढे शिकारबंदीचा कायदा आला, बंदूक पोलिसांत जमा झाली, बाबाही गेले. पण आपल्याशिवाय बाबांची शिकार अडली असती, हा अभिमान त्यांनी आजवर जपला होता.

तेव्हा मचाण दोघांचंच हवं. एक मारणारा, एक धावणारा. शिडीचंच हवं, कारण त्या पट्टेवाल्या मचाणावरून माणूस उतरेपर्यंत जनावर कधीच मेलेलं असेल.

"आणि धावणार कोण?" त्यांच्या बायकोने, साजिदाने भाकरी थापता थापता विचारलं. "परवा मेट्रोचा जिना उतरताना माझा खांदा धरलात तुम्ही."

"उतारावर धावता येतं," हमदुल्ला म्हणाले.

"अहो, सरळ सांगा ना त्याला, मला यायचंय म्हणून."

"यायचंय कोण म्हणतं? गरज काय आहे ते मी सांगतोय."

साजिदाने भाकरी उलटली. नवऱ्याला कुठवर ताणायचं हे तिला चांगलं कळत होतं.

शेवटी एका संध्याकाळी त्यांनी नोमानला सगळा निकाल समजावून सांगितला: तिसरं मचाण, शिडीवालं, आणि का ते. सुरीची गोष्टही सांगितली. नोमान ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बट अब्बा, त्याची नीड नाही. मी इथल्या इमामसाहेबांना विचारलं. गोळी मारताना बिस्मिल्लाह म्हटलं की इनफ. पोचेपर्यंत मेलं तरी हलाल. आणि जिवंत असलं तर मी स्वतः उतरेन ना. दोघांचं खूप हेवी असतं, एकट्याला लावता येत नाही. मी पहिलं घेतो, ओके?"

"तिकडच्या इमामला काय ठाऊक," हमदुल्ला म्हणाले. "घाई करू नको. मी विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये ते मुद्दाम खैरुद्दीनच्या शेजारी जाऊन बसले. खैरुद्दीन त्यांच्याच गावचा, अकाउंट्समध्ये होता. लहानपणी मदरशात शिकलेला, म्हणून धर्माची अडचण आली की जबल अलीतले सगळे कोकणी त्यालाच गाठायचे. हमदुल्लांनी मसला घातला.

"इमाम बरोबर बोलतायत," खैरुद्दीन म्हणाला. "नाव घेऊन मारलं, जखमेने मेलं, खलास. हलाल आहे."

"आणि धावत जाऊन सुरी फिरवायची ती?"

"जीव असेल तरच. नसेल तर प्रश्नच नाही." खैरुद्दीनने हसून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "हमदुल्लाभाई, तुम्ही मला विचारताय? हा मसला मला माझ्या वडिलांनी सांगितला आणि त्यांना तुमच्या बाबांनी. शिकारीचं काही अडलं की आख्खा गाव तुमच्या बाबांकडे यायचा."

बस शेख झायेद रोडवरून चालली होती. हमदुल्ला काचेबाहेर बघत राहिले. बाबांना ठाऊक होतं. बार काढण्याआधी त्यांचे ओठ हलायचे, ते हमदुल्लाने कितीदा पाहिलं होतं. मग पोराच्या कमरेला ती सुरी का बांधायचे?

त्यांनी आठवून पाहिलं. त्या तीन हिवाळ्यांत इतक्या पहाटा मचाणावर गेल्या, आणि भेकर पडलं ते एकदाच. हमदुल्ला जीव खाऊन धावला होता. जनावर हलत नव्हतं. बाबा सावकाश मागून आले, वाकून भेकराच्या छातीवर हात ठेवला, मग हमदुल्लाच्या मुठीवर हात ठेवून सुरी फिरवली आणि म्हणाले, "शाब्बास, वेळेवर पोचलास." त्यात जीव नव्हता. बाबांना ते कळलं होतं. एवढी वर्षं मिरवलेल्या त्या सुरीची गरज एकदाही पडली नव्हती.

आणि मग त्यांना त्या पहाटांतलं बाकीचं आठवायला लागलं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, हलायचं नाही. जहाजावरचा जाड निळा कोट बाबा दोघांवर मिळून घ्यायचे. त्याला तेलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास यायचा. उजाडेपर्यंत बाबांची बरगडी त्याच्या खांद्याला लागलेली असायची, आणि श्वास वर-खाली होताना कळायचा. भेकर आलं नाही तरी बाबा कधी चिडले नाहीत. ऊन वर आलं की म्हणायचे, "उद्या परत बसू." दहा महिने समुद्रावर काढलेल्या माणसाला मुलगा शेजारी हवा होता. हवा आहे असं बोलायची रीत नव्हती, म्हणून त्याने मुलाच्या कमरेला सुरी बांधली.

जबल अलीला उतरताना खैरुद्दीनने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" हमदुल्लांनी मान हलवली. दिवसभर मालाच्या पेट्या मोजताना त्यांचं मन ठिकाणावर नव्हतं. बाबांना जाऊन चाळीस वर्षं झाली होती आणि आज त्यांच्या आठवणीत एकच रांग दोनदा मोजली जात होती.

संध्याकाळी नोमानचा फोन आला. "अब्बा, विचारलंत?"

"विचारलं. तुझे इमाम बरोबर आहेत. धावायला कुणी लागत नाही."

"सो, पहिलं ऑर्डर करू?"

स्वयंपाकघरात साजिदाच्या हातातलं भांडं थांबलं.

"नोमान," ते म्हणाले, "दोघांचं घे. मला धावायला यायचं नाहीये. माझा गुडघा कुठे धावतो आता. मला तुझ्या शेजारी बसायचंय."

नोमानने गाडी कडेला घेतली होती, इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

"अब्बा, तिथे बोलता येत नाही. फोर अवर्स, एकदम चूप. आणि मायनस फाइव्ह."

"ठाऊक आहे. माझ्या बाबांशी मी जगात सगळ्यात जास्त वेळ तिथेच होतो आणि एक शब्द बोललो नाही. जुलैमध्ये बोलावू नकोस. नोव्हेंबरमध्ये बोलाव. मोठा कोट घेऊन ठेव, एकच चालेल."

स्क्रीनवर नोमानने चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला. लहानपणी पडून गुडघा फुटला की रडायचं नाही म्हणून तो असंच काहीतरी हातात घेऊन बसायचा. मग मोबाइलवर खाली बघत त्याने काहीतरी उघडलं.

"त्याला वजनाची मर्यादा आहे, अब्बा, दोघांची मिळून," तो म्हणाला. इंग्रजी त्याच्या तोंडून गळून पडली होती; आईशी बोलतो तशा मराठीत तो विचारत होता. "तुमचं वजन किती आहे?"

साखरेचं दुखणं लागल्यापासून साजिदाला ते नेहमी अठ्ठ्याहत्तर सांगत आले होते. ती आता दारात येऊन उभी होती, पिठाचे हात तसेच.

"ब्याऐंशी," हमदुल्ला म्हणाले.