डाव्या चाकाचे नट

हिंदुरावानं हवेची गन उचलली आणि जीपच्या उजव्या चाकाच्या पहिल्या नटावर धरली. ट्र्र्र करून नट सुटला. दुसरा सुटला. तिसरा. खांद्यातनं कळ आली नाही. जानेवारीत खांदा धरल्यापासून पहिल्यांदाच त्याच्या एकट्याच्या हातानं नट सुटत होते, आणि हे जोडीचा गडी जोतीराम सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

चौथ्या नटावर गन फुसफुसली आणि गप झाली.

"टाकी लहान आहे तुमची," पुण्याहून आलेला एजंट म्हणाला. "हा पंक्चरवाल्याचा कंप्रेसर. हवेच्या मशीनला मोठा लागतो."

चनबसप्पा मालकांनी घड्याळ बघितलं. कंप्रेसर धडधडत राहिला आणि सगळे उभे राहिले.

मालकांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. दोनातली एक मशीन घ्यायची, हवेची नाहीतर लाईटची. मशीन आली की चाकांच्या कामाला दोन गडी कशाला? ज्याला मशीन पेलंल तो ऱ्हाईल. हवेची हलकी होती; ती दोघांनाही पेलली असती, आणि मग जुना गडी म्हणून हिंदुरावच राहिला असता. लाईटची म्हणजे सात-आठ किलोचं धूड. हिंदुरावाला ती छातीपर्यंतसुद्धा उचलणार नव्हती.

चार महिने जोतीराम त्याला झाकत आला होता. नट घट्ट असला आणि मालक जवळपास असले की तो पाना हातातनं काढूनच घ्यायचा. "सरका मामा, आज भाकरी लई झालीया. जिरवू द्या की."

"लाईट गेल्यावर काय करायचं, मालक?" हिंदुराव म्हणाला. "उन्हाळ्याची दिसाआड जातीया. टाकीत हवा तरी ऱ्हाती."

बोलणं खरंच होतं. तरी त्याचं त्यालाच ते खोटं वाटलं.

"तीन नटांची ऱ्हाती की," मालक म्हणाले. "जोती, ती दुसरी धर. डावं चाक खोल."

जोतीरामनं लाईटची मशीन दोन्ही हातांनी उचलली आणि वायर ओढत पलीकडं गेला. हिंदुराव त्याच्या मागं गेला.

असल्या जुन्या जीपच्या डाव्या चाकाला उलटे आटे. ते नट उलट्या बाजूला फिरवूनच सुटतात, नाहीतर आणखी आवळतात. हातात पाना असला की पहिल्या हिसक्यालाच कळतं आणि माणूस थांबतो. मशीनला कुठलं कळतंय? ती बोल्टच मोडून टाकणार. म्हणून या गॅरेजात असल्या नटांवर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायची रीत होती. या चाकावर ठिपका दिसत नव्हता. पाचही नट काळेकुट्ट होते.

हिंदुरावानं जोतीरामचा अंगठा बघितला. मशीन उलटी-सुलटी फिरवायचा खटका नेहमीच्याच बाजूला होता.

एक बोल्ट मोडला की मालक ही मशीन परत पाठवणार. मोठा कंप्रेसर घेतील, पण हवेचीच घेतील. त्यासाठी हिंदुरावाला काही करायचं नव्हतं. नुसतं गप उभं राहायचं होतं. तो चिंधीनं हात पुसायला लागला. हात कोरडेच होते. जोतीरामच्या घरात दोन महिन्यांचं पोर होतं. बारशाच्या घुगऱ्या हिंदुराव पोटभर खाऊन आला होता.

मशीन नटावर टेकली.

"जोती! उलटे आटे!"

एजंट दचकला. जोतीरामनं मान वळवून हिंदुरावाकडं बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग खटका फिरवला. तांब्याभर पाणी पिऊन होईस्तोवर पाचही नट खाली पडले होते.

"यप्पा!" मालकांनी मांडीवर थाप मारली. "ठरलं. हीच घ्यायची. चला साहेब, चहा घिऊ."

ते दोघं आत गेले. जोतीराम मशीन खाली ठेवून तिथंच उकिडवा बसला.

"वरडायला कुणी सांगितलं हुतं तुमास्नी?"

"आरं, बोल्ट मोडला असता की."

जोतीराम वायर गुंडाळायला लागला.

हिंदुरावानं खाली वाकून डाव्या हातानं एक नट उचलला. नटावर ग्रीस होतं, बोटानं दाबून फासलेलं. त्यानं ते चिंधीनं पुसलं. खाली पिवळा ठिपका होता, नवाकोरा. सोमवारी जोतीरामनंच डबा घेऊन बसून एकेक ठिपका दिला होता, आणि हिंदुराव शेजारी तंबाखू मळत बसला होता, हे त्याला आत्ता आठवलं.

त्यानं दुसरा नट पुसला. मग तिसरा.

"ऱ्हाऊ द्या मामा," जोतीराम खाली बघतच म्हणाला. "सरका. नट मी बसवतो."